ड्रिल थांबतं तेव्हा : फसलेल्या एका थरारदृश्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मर्यादित बजेटचा एक रहस्यपट. चित्रीकरण 26 दिवसांचं, रफ कट (संकलनाची पहिली कच्ची आवृत्ती) 124 मिनिटांचा. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. दृश्याची रचना, अडचणी आणि आकडे तसेच ठेवले आहेत.

कथा थोडक्यात अशी. दातांच्या एका दवाखान्यात काम करणारी तरुणी बेपत्ता होते. ती स्वतःहून निघून गेली, असं सगळे धरून चालतात. तिच्या थोरल्या बहिणीला ते पटत नाही. ही बहीण म्हणजे नायिका. तिचा संशय डॉक्टरवर आहे. दवाखाना तळमजल्यावर, डॉक्टरचं घर बरोबर त्याच्या वर. 61व्या दृश्यात नायिका मागच्या जिन्यानं त्या घरात शिरते, धाकटीच्या हस्ताक्षरातली अपॉइंटमेंटची वही शोधते, वही हाती लागते, ती वळते आणि दारात डॉक्टर उभा असतो.

पटकथेच्या वाचनात हे दृश्य सगळ्यांना आवडलं होतं. डॉक्टर दारात दिसतो त्या ओळीला वाचन ऐकणारी माणसं दचकली होती. चित्रीकरणही नीट झालं. दोन दिवस, 35 आणि 50 मिमीच्या लेन्सेस, खिडकीतून येणारा उतरत्या दुपारचा उजेड, अभिनेत्रीचं काम मन लावून केलेलं. रफ कटमध्ये दृश्य 4 मिनिटं 10 सेकंदांचं झालं, 38 शॉट्सचं. कुठलाही शॉट वाईट नव्हता, आणि त्यामुळेच पुढची अडचण ओळखायला वेळ लागला.

अडचण

पहिल्या ट्रायलला, म्हणजे प्रेक्षक बोलावून केलेल्या चाचणी खेळाला, 22 जण होते. पडद्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसलेल्या सहायक दिग्दर्शकाकडे एकच काम होतं: टाइमकोड (चित्रपटाचा चालू वेळ दाखवणारे आकडे) समोर ठेवून प्रेक्षकांत काय हालचाल होते ती टिपायची. खोकला, खुर्चीत बूड हलवणं, फोनचा उजेड. खेळ संपल्यावर लोक सौजन्यानं बोलतात, पण अंधारात लागलेला फोन खोटं बोलत नाही. 61व्या दृश्यात पहिला फोन 1 मिनिट 20 सेकंदांना लागला, मग आणखी दोन. डॉक्टर दारात दिसला तेव्हा दोघांनी श्वास रोखला, बाकीचे नुसते बघत राहिले.

नंतरच्या गप्पांत शेरा ठरलेला होता: "तो शोधाशोधीचा सीन जरा स्लो आहे." स्लो हा शब्द संकलनाच्या खोलीत फार धोक्याचा असतो. तो ऐकला की हात आपोआप कात्रीकडे जातो. इथेही गेला, त्याबद्दल पुढे.

उपयोगी ठरला तो वेगळाच प्रश्न. बऱ्याच जणांनी विचारलं, "पण तेव्हा डॉक्टर कुठे होता?" घर दवाखान्याच्या वर आहे, हे 14व्या दृश्यात एका संवादात सांगितलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मग संकलकानं एक तक्ता मांडला. दृश्याचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे, नायिकेला काय माहीत आहे, डॉक्टरला काय माहीत आहे. पहिले दोन रकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत शब्दशः सारखे भरले गेले. तिसरा रकाना शेवटच्या तुकड्यापर्यंत कोराच राहिला. म्हणजे चार मिनिटं प्रेक्षक एका बाईला कपाटं उघडताना बघत होता. काय बिघडू शकतं, कुठून, किती वेळात, यांतलं काहीच त्याच्या हाती नव्हतं.

हा भेद नवा नाही. अल्फ्रेड हिचकॉकनं 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत तो टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणानं मांडला आहे. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं तर त्याच टेबलावरच्या कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं धाकधुकीनं ऐकल्या जातात. सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. तरीही स्वतःच्या पटकथेत ते दिसत नाही, कारण लिहिणाऱ्याला बॉम्ब कुठे आहे हे माहीतच असतं. 61वं दृश्य लिहिणाऱ्याला आणि दिग्दर्शकाला डॉक्टर येणार हे ठाऊक होतं. त्यांना प्रत्येक कपाट भीतीदायक वाटत होतं.

तक्त्यातून आणखी दोन उणिवा दिसल्या. घराचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात बसत नव्हता: पुढचं दार, अभ्यासिका, स्वयंपाकघर आणि मागचं दार यांतल्या कुठल्याही दोन जागा एका फ्रेममध्ये येत नव्हत्या. आणि शोधायची वही कशी दिसते, हे आधी कधी दाखवलंच नव्हतं.

पुढे आलेले पर्याय

पहिला, कापाकापी. दृश्य 2 मिनिटं 5 सेकंदांवर आणलं. कंटाळा गेला, पण भीती आली नाही; दृश्य म्हणजे नुसता पुढच्या प्रसंगाकडे जाणारा बोळ झाला. शिवाय काही शॉट दीड-दीड सेकंदांचे झाल्यावर नायिका घाईगर्दीत हात मारणारी वाटू लागली. सगळ्या वस्तू जागच्या जागी ठेवणारी सावध बाई हा तिचा स्वभाव त्या कापाकापीत गेला. ही आवृत्ती दोन दिवसांत बाजूला पडली.

दुसरा, पार्श्वसंगीत. खालच्या पट्टीतल्या तंतुवाद्यांचा तात्पुरता ट्रॅक लावून पाहिला. यावर बराच खल झाला, कारण दोन्ही बाजूंना मोठे दाखले आहेत. 1960च्या 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हर्मननं तरीही तंतुवाद्यांची रचना करून ऐकवली आणि दिग्दर्शकानं मत बदललं. उलट जूल्स दासँच्या 1955च्या 'रिफिफी'त चोरीचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग संवादाविना, संगीताविना आहे. संगीतकार जॉर्ज ओरिकनं त्यासाठीही संगीत रचलं होतं, पण दोन्ही आवृत्त्या पाहिल्यावर त्यानंच संगीताशिवायची बरी ठरवली. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. धोका काय आहे ते पडद्यावर स्पष्ट आहे, संगीत असो वा नसो. 61व्या दृश्यात धोकाच दिसत नव्हता. संगीत नुसतं "घाबरा" म्हणत होतं, कशाला ते सांगत नव्हतं. वर डॉक्टर येणार याची वर्दीही देत होतं, त्यामुळे शेवटचा उरलासुरला धक्काही गेला.

तिसरा, वर नायिका आणि खाली डॉक्टर असं आलटून-पालटून दाखवणं. 58व्या दृश्यातले डॉक्टर हातमोजे काढतो, हात धुतो असे शॉट हाताशी होते. खर्च शून्य. पण साठ दृश्यं कॅमेरा नायिकेला सोडून गेलेला नव्हता. तिला जे दिसतं तेवढंच प्रेक्षकाला, हा चित्रपटाचा पायाच होता. इथे तो सरसकट मोडला तर डॉक्टरच्या मनात काय चाललंय हेही दाखवायची पाळी आली असती. गणिताचीही अडचण होती. जिना 22 पायऱ्यांचा. चढायला पंधरा-वीस सेकंद लागतात. ते ताणून दोन मिनिटं केले तर प्रेक्षक लबाडी ओळखतो.

चौथा, सगळं दृश्य नव्यानं चित्रित करणं. जागा एका दिवसाहून जास्त मिळत नव्हती. विषय तिथेच संपला.

पाचवा पर्याय साउंड डिझायनरकडून आला. त्यानं तक्ता पाहिला आणि विचारलं, खाली दवाखाना आहे तर ड्रिलचा आवाज वर का येत नाही? चित्रीकरणाच्या वेळी खालचा मजला बंद ठेवला होता, म्हणून साउंड स्वच्छ होता. पण तोच आवाज म्हणजे डॉक्टर कुठे आहे याची खबर. ड्रिल चालू आहे तोवर ती सुरक्षित. दृश्याला घड्याळ लागतं, पण ते भिंतीवरचंच असायला हवं असं नाही. हिचकॉकच्याच 1946च्या 'नटोरियस'मध्ये मेजवानीतल्या शॅम्पेनच्या बाटल्या संपत येतात, आणि त्या संपल्या की यजमान तळघरात उतरणार हे प्रेक्षकाला माहीत असतं.

निर्णय

ड्रिलचा पर्याय स्वीकारायला अर्धा तासही लागला नाही. त्यानंतरचे दोन निर्णय मात्र अवघड गेले.

पहिला: आवाज वर पोचतो कसा? दातांच्या टर्बाइन ड्रिलचे मोकळे फेरे मिनिटाला तीन ते चार लाख असतात, म्हणजे सेकंदाला साधारण पाच ते साडेसहा हजार. त्याची तीक्ष्ण शीळ त्याच कंपनसंख्येच्या आसपास असते. असे उंच पट्टीचे आवाज स्लॅबमध्ये जिरतात. वर पोचते ती ड्रिलला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरची घरघर. मग कंप्रेसरच वापरू, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी बोट ठेवलं: कंप्रेसर टाकीतला दाब उतरला की सुरू होतो आणि भरला की थांबतो. ड्रिल थांबल्यावरही तो चालू राहू शकतो आणि ड्रिल चालू असतानाही बंद पडू शकतो. म्हणजे त्याची खबर खोटी. ज्याला हे माहीत आहे त्या प्रेक्षकासाठी सगळा डोलारा कोसळला असता.

आवाज स्लॅबमधून न आणता खिडकीतून आणायचं ठरलं. अभ्यासिकेची खिडकी मागच्या अंगणावर उघडते आणि तिच्या बरोबर खाली दवाखान्याची खिडकी आहे. त्या अडचणीतूनच दृश्याला हवं ते वळण सापडलं. आवाज खिडकीतून येतो, तर खिडकी बंद झाली की तो जाणार. टेबलावर सुटे कागद आहेत, वाऱ्यानं ते उडतात. सगळं जागच्या जागी ठेवणारी बाई काय करेल? खिडकी लावेल. तिच्याच सावधपणानं तिचा पहारेकरी बंद होतो.

दुसरा निर्णय: खिडकी लावल्यानंतर खाली ड्रिल थांबलं, हे प्रेक्षकाला दाखवायचं का? न दाखवलं तर प्रेक्षकही नायिकेसारखाच बहिरा होतो. ती अस्वस्थता आहे, गूढ आहे. दाखवलं तर त्याला तिच्यापेक्षा एक गोष्ट जास्त कळते आणि ती तिला सांगता येत नाही. दिग्दर्शकाला दाखवायचं होतं. संकलकाचा विरोध होता, कारण दृष्टिकोन मोडतो. तोडगा असा निघाला: एकच शॉट, दोन सेकंदांचा, डॉक्टरचा चेहरा नाही. हात हँडपीस (ड्रिलचा हातात धरायचा भाग) स्टँडला अडकवतो, मागे पेशंटची खुर्ची सरळ होऊ लागते. जिना नाही, पावलं नाहीत. दोन्ही आवृत्त्या बांधून मगच ठरवायचं.

याची किंमतही होती. दारातल्या डॉक्टरचा निखळ धक्का आता गेला. त्याची थोडी भरपाई नकाशातून झाली. नायिका कान आणि डोळे पुढच्या दाराकडे लावून असते. डॉक्टर येतो स्वयंपाकघरातून, मागच्या जिन्यानं, म्हणजे ती ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं. तो येणार हे प्रेक्षकाला माहीत असतं, कुठून ते नसतं.

पॅचवर्कचा दिवस

मूळ चित्रीकरणानंतर चार महिन्यांनी पॅचवर्कसाठी, म्हणजे लागणारे जादा शॉट घेण्यासाठी, नऊ तास मिळाले. 14 शॉट ठरले, 11 झाले.

सगळ्यांत महत्त्वाचा शॉट पहिला घेतला: अंगणातून, खालच्या खिडकीवर सुरू होऊन सरळ वर जाणारा टिल्ट, वरच्या खिडकीत काचेआड नायिका. नऊ सेकंद. 14व्या दृश्यातल्या संवादाला जे जमलं नाही ते या एका हालचालीनं होणार होतं. सात टेक लागले. वरच्या काचेत आकाशाचं प्रतिबिंब पडत होतं आणि आतली बाई दिसतच नव्हती. पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) लावला, खालून तिरकं बघत असल्यामुळे त्याचा बराच उपयोग झाला, पण त्यानं दीड-दोन स्टॉप उजेडही खाल्ला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मग आतला दिवा वाढवला आणि खिडकीची एक झडप दोन बोटं तिरकी करून मागे पाचर ठोकली. सातव्या टेकला चेहरा दिसला.

उजेड जुळवणं त्याहून किचकट. ऋतू बदललेला, सूर्य वेगळ्या कोनात. खिडकीबाहेर काळ्या कापडाचा तंबू बांधून खरा उजेड पूर्ण तोडला आणि डिफ्यूजनमधून (उजेड मऊ करणाऱ्या पडद्यातून) एकच दिवा आत सोडला. जुळणी डोळ्याच्या अंदाजानं केली नाही. मूळ दृश्यातल्या फ्रेम्स मॉनिटरवर अर्ध्या पारदर्शक करून नव्या चित्रावर ठेवल्या आणि टेबलाची कड, सावलीची कड जुळेपर्यंत कॅमेरा व दिवा हलवले. कंटिन्युइटीच्या वहीत (शॉट पुढे जुळावेत म्हणून चित्रीकरणाचे तपशील टिपतात ती) लेन्स लिहिलेली होती, कॅमेऱ्याची उंची नव्हती. त्यापायी पन्नास मिनिटं गेली आणि शेवटचे तीन शॉट त्यातच बुडाले.

अभिनेत्रीचे केस दुसऱ्या कामासाठी कापलेले होते. विग जवळून कळत होता. म्हणून तिचे नवे शॉट फक्त हातांचे आणि खांद्यामागून घेतले.

एक चूक जागेवरच सापडली, संकलक सेटवर हजर होता म्हणून. जुन्या शॉट्समध्ये नायिका पुढच्या दाराकडे बघते तेव्हा फ्रेमच्या डावीकडे बघते. खिडकीचे पहिले दोन टेक असे लागले होते की खिडकीही डावीकडेच पडत होती. दोन्ही दिशा एक झाल्या असत्या तर तिची नजर दाराकडे आहे की खिडकीकडे, हे प्रेक्षकाला कळलंच नसतं. नंतर चित्र उलटं करून निभावता आलं नसतं, कारण मागे भिंतीवर आकड्यांचं घड्याळ होतं. कॅमेरा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेला.

ध्वनी

लायब्ररीतला ड्रिलचा आवाज चालला नाही. तो सलग, एकसुरी असतो. खरं ड्रिल बोलतं: मोकळं असताना उंच शीळ, दाताला टेकलं की फेरे पडतात आणि सूर खाली येतो, उचललं की पुन्हा वर. प्लास्टरच्या दातांच्या साच्यावर ते चालवून दोन ठिकाणी रेकॉर्ड केलं, खाली जवळून आणि वर उघड्या खिडकीपाशी. दृश्यात बहुतेक वेळा दुसरंच वापरलं.

मग प्रेक्षकाला शिकवणं. आधी आठ सेकंद ड्रिल, तीन सेकंद खंड. मग बारा सेकंद ड्रिल, दोन सेकंद खंड. दोन खंडांतच कळतं की थांबणं नेहमीचं आहे, डॉक्टर मध्ये थांबून पेशंटला चूळ भरायला सांगत असेल. तिसरा खंड सात सेकंदांचा. नायिकेचा हात कपाटाच्या मुठीवर थिजतो. पुन्हा ड्रिल सुरू होतं, हात पुढे सरकतो. हा खोटा इशारा नसता तर पुढच्या खऱ्या शांततेला अर्थच आला नसता.

खिडकी लागते तो क्षण सहा फ्रेम्समध्ये बसवला. झडप चौकटीला टेकताच 800 हर्ट्झच्या वरचा भाग फिल्टरनं उतरवला आणि उरलेला आवाज 14 डेसिबलनं खाली आणला. नुसता आवाज कापला असता तर साउंडमधली चूक वाटली असती. त्या जागी स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर वर आली. ती आधीपासून होती, ड्रिलखाली झाकली गेली होती.

इथे मूळ चित्रीकरणातली एक हयगय महागात पडली. रूम टोन, म्हणजे कुणी बोलत-हलत नसताना खोलीचा स्वतःचा आवाज, घेतलेलाच नव्हता. सगळ्या टेक्समध्ये मिळून, "अ‍ॅक्शन" आणि पहिली हालचाल यांच्या मधला स्वच्छ भाग 11 सेकंद निघाला. तोच फिरवून लावला तर मागे कुठेतरी होणारा एक बारीक टिक्‌ दर 11 सेकंदांनी ऐकू येऊ लागला, आणि शांत दृश्यात असला टिक्‌ कान लगेच पकडतो. पॅचवर्कच्या दिवशी मात्र खिडकी उघडी, अर्धी आणि बंद अशा तीन स्थितींत प्रत्येकी 60 सेकंदांचा रूम टोन घेतला. त्याच्यावर दृश्य उभं राहिलं.

संकलन

नवं दृश्य 5 मिनिटं 35 सेकंदांचं झालं, 31 शॉट्सचं. लांबी वाढली, शॉट कमी झाले.

खिडकी 3 मिनिटं 20 सेकंदांना लागते. हँडपीस अडकवणारा हात 3 मिनिटं 48 सेकंदांना. वही 4 मिनिटं 5 सेकंदांना हाती येते. आणि मग तो टेक.

मूळ चित्रीकरणात वही वाचण्याचे चार टेक झाले होते. तिसऱ्यात अभिनेत्रीनं खूपच वेळ घेतला होता. वही उघडते, पहिल्या पानावर थांबते, धाकटीच्या अक्षरावरून अंगठा फिरवते, पान उलटते, मागे येते, पुन्हा तेच पान. 48 सेकंद. रफ कटच्या वेळी "फार संथ" म्हणून तो बाद झाला होता आणि नऊ सेकंदांचा दुसरा टेक लागला होता. आता तो अखंड लावला, एकही कट न देता. फ्रेम जरा मोकळी असल्यानं तिच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचं दार अस्पष्ट दिसतं. चित्रीकरणाच्या वेळी त्या दाराचा विचार कुणी केला नव्हता. खाली ड्रिल थांबलेलं प्रेक्षकाला माहीत आहे, तिला नाही, आणि ती बहिणीच्या अक्षरावरून अंगठा फिरवते आहे. संथ म्हणून बाद झालेल्या त्याच सेकंदांना अंधारात आता कुणी हललं नाही.

न दाखवण्याची आवृत्तीही बांधून पाहिली. ती वाईट नव्हती. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला कदाचित तीच जास्त आवडली असती. पण पहिल्यांदा बघणाऱ्या चौघांपैकी तिघांना वही वाचण्याचा टेक तिच्यात लांबलेला वाटला. तिथेच निकाल लागला.

परिणाम

दुसऱ्या ट्रायलला नवे 24 प्रेक्षक होते. 61व्या दृश्यात एकही फोन लागला नाही. नंतर दृश्य किती वेळाचं वाटलं असं विचारल्यावर बहुतेकांनी दोन ते तीन मिनिटं सांगितलं.

तक्रारीही आल्या. ड्रिलनं काहींचे दात शिवशिवले, आणि ते सुखाचं नव्हतं. त्यांचं लक्ष दृश्यावरून उडालं. पातळी 4 डेसिबलनं उतरवली आणि 7 किलोहर्ट्झच्या वरचा भाग मऊ केला. पाच जणांना ती वही बहिणीची आहे हे उमगलं नव्हतं, म्हणजे 48 सेकंदांचा टेक त्यांच्यापुरता वाया गेला. 12व्या दृश्याच्या न वापरलेल्या शॉट्समध्ये धाकटी वहीत नाव लिहिते असा इनसर्ट (मध्ये घालायचा जवळचा छोटा शॉट) सापडला. तो तीन सेकंद घातला.

एक दोष सुटला नाही. काही प्रेक्षकांनी हात हँडपीस अडकवतो त्याचा अर्थ "त्याला कळलंय" असा घेतला. हाताच्या हालचालीत एक ठामपणा आहे. पेशंटचं काम संपलं म्हणून तो सहज थांबतोय, हे दोन सेकंदांत पोचत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तीन रकान्यांचा तक्ता पटकथेच्या टप्प्यावर अर्ध्या तासात झाला असता. तेव्हा दोन रकाने सारखे भरताहेत हे दिसलं असतं तर अंगणातला शॉट मूळ वेळापत्रकात बसला असता, खऱ्या उजेडात, मूळ केसांत. वाचनाला साउंड डिझायनर नव्हता. त्याला संकलनानंतर बोलावलं गेलं. खाली दवाखाना आणि वर घर अशी रचना कागदावर होती. ती वाचून आवाजाचा प्रश्न विचारणारा माणूस खोलीत हवा होता.

वाचनात लोक दचकले, याला फार महत्त्व दिलं गेलं. वाचताना ऐकणारा ती चार मिनिटं जगत नाही. "ती तिन्ही खोल्या शोधते" हे वाक्य दोन सेकंदांत संपतं.

प्रत्येक जागेवर, प्रत्येक खिडकी-दाराच्या स्थितीत 60 सेकंद रूम टोन घ्यायला हवा होता. कंटिन्युइटीच्या नोंदीत लेन्सबरोबर कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, झुकाव आणि विषयापर्यंतचं अंतर लिहायला हवं होतं.

हँडपीसचा शॉट चार सेकंदांचा घेऊन त्यात पेशंट तोंड पुसत उठताना दाखवला असता तर गैरसमज टळला असता. तो शॉट यादीत होता. वेळेअभावी बुडालेल्या तिघांपैकी एक तोच.

टीव्हीच्या मिक्सकडे, म्हणजे टीव्हीसाठी सगळे आवाज एकत्र जुळवण्याकडे, उशिरा लक्ष गेलं. थिएटरमध्ये खिडकी उघडी आणि बंद यांतला फरक स्वच्छ कळत होता. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर, हलक्या आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून टाकल्यावर, तो जवळजवळ नाहीसा झाला. वेगळा मिक्स करावा लागला: ड्रिलचा 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग उचलला, आणि फ्रिजची खालच्या पट्टीतली घरघर छोट्या स्पीकरवर उमटतच नसल्यानं तिच्या जागी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक वर आणली. झडप टेकल्यावर ती टिकटिक सुरू व्हायला अर्धा सेकंद जास्त दिला आहे. तेवढ्या वेळात आवाज गेल्याचं कानाला कळतं.